हॉटेलातलं जागरण

बाबा गेले म्हणून मी मिलानहून आले, भाऊ डिंडो टोरोंटोहून. गावचं विमान सकाळी, त्यामुळे मनिलाला विमानतळाजवळच्या हॉटेलात आम्ही एकाच खोलीत अडकलो. अंगात अजून परदेशातलीच वेळ. दोघांच्याही डोळ्याला डोळा लागेना.

“दहा वर्षांत एकदा तरी फिरकलास का रे?”

“तू कुठे उशाशी बसली होतीस, ताई? फोनवर गळा काढणं सोपं असतं!”

तेवढ्यात आईचा व्हिडिओ कॉल आला. तरी आमची तोंडं चालूच.

आई कडाडली, “दफन होईपर्यंत शवपेटीजवळ रात्रभर कुणीतरी जागं लागतं. चार रात्री मी बसलेय, आता जागरणाला पत्ते खेळत बसलेले शेजारीही घोरायला लागले. फोन पेटीवर ठेवून मी जरा पडते.


भांडा खुशाल उजाडेपर्यंत. तेवढीच त्यांना लेकरांची सोबत.”