पाचाच्या आत

"दोन्या नेलिदा रोल्दान!"

'दोन्या', म्हणजे 'बाईसाहेब', अशी नर्सची हाक आली तशी डोक्याला रुमाल आणि तोंडाला मास्क बांधलेली बाई ताडकन उठली.

"आले गं, ओरडतेस कशाला? केस गेलेत, कान शाबूत आहेत."

रोसारिओ शहरातल्या त्या कॅन्सर हॉस्पिटलात तिसऱ्या मजल्यावर कुणी सहसा हसत नसे. नर्स रोमिना मात्र खुदकन हसली. तिने दंडाला पट्टा आवळला. पहिल्याच सुईला शीर सापडली. गेल्या खेपेला चार वेळा टोचावं लागलं होतं.

"आज नशीब जोरावर आहे हं तुमचं."

"नशिबाचं काय घेऊन बसलीस? औषध लागू पडतंय. घास गोड लागतो, झोप येते. दिसत नाही ते फक्त तुझ्या डॉक्टरला."

डॉक्टर ओचोआ दारातच उभे होते. माणूस भला, पण नियमाला चिकटून राहणारा. नवं औषध अजून चाचणीतलं होतं, आणि चाचणीची अट सरळ होती. गाठीतून सुटून रक्तात फिरणाऱ्या पेशी एका नळीत पाचाच्या आत यायला हव्यात. नेलिदाच्या रक्तात आधी एकोणीस निघाल्या होत्या, मग बारा. या वेळी पाच ओलांडले, तर औषध बंद.

"एकोणिसाच्या बारा झाल्या ना? मग जरा दम धरा की," बाई म्हणाली. "पाच हा आकडा काय देवाने सांगितलाय?"

"मी नाही ठरवला, दोन्या. धडधाकट माणसाच्या रक्तात अशी पेशी जवळजवळ सापडतच नाही. आपल्याला तिथवर पोचायचंय."

"पोचू. बघाच तुम्ही."

ती तरातरा जिना उतरली आणि कोपऱ्यावरच्या दुकानात उभ्या उभ्या दोन गरम एम्पानादा, म्हणजे खिमा भरलेल्या करंज्या, खाऊन बसने घरी गेली.

गुरुवारी डॉक्टरांनी कागद पुढे केला. चौदा.

"शक्यच नाही!" बाई कडाडली. "नळ्यांची अदलाबदल केलीत तुम्ही. दुसऱ्या कुणाचं तरी रक्त नेलिदाच्या नावावर चिकटवलंय!"

"असं होत नाही हो इथे."

"मग पुन्हा घ्या. माझ्या डोळ्यांदेखत नाव लावा. तोवर मी या खुर्चीतून उठत नाही."

तिने बाही वर सारून हात टेबलावर ठेवला. ओचोआंनी तिच्यापुढे हात टेकले. रोमिनाने रक्त काढलं आणि तिच्यासमोर नळीवर नाव लावलं. बाईने ते दोनदा वाचलं.

सोमवारी कागदावर सोळा होते.

या वेळी डॉक्टर टेबलामागे बसले नाहीत. खुर्ची ओढून तिच्याशेजारी आले.

"आता चुकीला जागा नाही, दोन्या. फार वाईट वाटतं मला. पण हे औषध थांबवावं लागेल. दुसरं काहीतरी बघू."

बाई कागदाकडे पाहत राहिली. ती घाबरली होती, आणि ते लपवणं तिला जमत नव्हतं. ओचोआंनी पेन उचललं, तसं तिने ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

"नेलिदाचं औषध बंद करायचं नाही," ती म्हणाली. "तिचा थेंबही तुम्ही या महिन्यात तपासलेला नाही. ती घरी आहे, डॉक्टर. मी तिची जुळी बहीण. हे सोळा माझे आहेत."