बिनसावलीची दुपार

"सरळ उभी राहा, मान खाली घाल आणि पायांपाशी बघ. एवढंच करायचंय." यजमानांचं, गोपाळकृष्णांचं, गेल्या मे महिन्यातलं हे बोलणं कल्याणीताईंच्या कानात अजून होतं.

ते शाळेत विज्ञान शिकवायचे. शून्य सावली दिवस हा त्यांचा सण. त्या दिवशी हडपसरच्या त्यांच्या सोसायटीतली पोरं बाटल्या, पेले, क्रिकेटचे स्टंप घेऊन गच्चीवर जमत. साडेबाराच्या सुमारास सूर्य अगदी डोक्यावर आला, की सगळ्या सावल्या गायब. मग टाळ्या आणि पन्हं.

पन्हं कल्याणीताईंचं. पण त्या ते आपल्या दारातूनच देत, गच्चीवर जात नसत. ज्याला आपली सावली दिसत नाही त्याचं मरण जवळ आलं, असं त्यांच्या आईनं सांगून ठेवलं होतं.

"तुझ्या देवांना तरी कुठं असते सावली?" ते चिडवायचे. "आहेत ना ठणठणीत?"

गेल्या वर्षी रिकामा पेला परत देताना ते हटूनच बसले. "पुढच्या वर्षी वर यायचं. देवासमोर कबूल कर." निरांजनाकडे बघत त्या म्हणाल्या, येईन.

त्याच आठवड्यात ते गेले. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. कल्याणीताईंनी डॉक्टरांशी वाद घातला नाही.

आज सकाळी त्यांनी पोथीचा अध्याय वाचला. उद्याचाही वाचून टाकला. दूध बंद करायला सांगितलं, फ्रिज रिकामा करून पुसला. तुळशीला दोनदा पाणी घातलं. ठेवणीतली साडी नेसून, गॅसचं बटण बंद करून त्यांनी शेजारच्या तनुजाची बेल वाजवली. तिची ऑफिसची मीटिंग चालू होती. ती हेडफोन मानेवर ओढतच दारात आली.

"ही किल्ली ठेव. दिवेलागणीला देवापाशी निरांजन लावशील? रोजचा नेम आहे, मोडायला नको."

"लावते की, काकू. किती दिवस?"

"तुला जमेल तेवढे."

"लेकीकडे निघालात? कॅब बुक करून देऊ का? आणि बॅग कुठंय?"

"बॅग नाही लागत गं."

"म्हणजे? मग चाललात कुठं?"

वरून पोरांचा गलका ऐकू आला.

"गच्चीवर," कल्याणीताई म्हणाल्या. दाराशी ठेवलेली पन्ह्याची बरणी त्यांनी उचलली आणि सावकाश जिना चढू लागल्या.