निळा टिळा

समृद्धीनं समोरच्या पोरीला चितपट केलं आणि मूठभर लाल माती उचलून ती हिंदुराव वस्तादांकडं धावली. जिंकल्यावर पहिला टिळा वस्तादांच्या कपाळी, ही त्यांच्या तालमीची रीत. पण जवळ येईपर्यंत घामेजल्या मुठीतली माती निळीशार झाली. पंच धावत आले.

नव्या नियमानं यंदा सगळ्या आखाड्यांत हीच माती आली होती. घामात बंदी असलेल्या औषधाचा अंश असला, की ती रंग बदलायची.

"माती खोटी आहे!" समृद्धी पंचांवर उसळली. "माझी थंडाई वस्ताद स्वतः घोटतात. दुसऱ्या कुणाला भांड्याला हातसुद्धा लावू देत नाहीत. विचारा त्यांना!"

वस्तादांना त्या थंडाईत गुपचूप कालवलेली पूड आठवली. 'मातीलाही पत्ता लागणार नाही,' असं विकणारा छातीठोकपणे म्हणाला होता. आता धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्यांना झालं. कुणाच्या नजरेला नजर देववेना. त्यांची मान खाली गेली.

ते टिळ्यासाठीच वाकले, असं समृद्धीला वाटलं. तिनं ती निळी माती मोठ्या मायेनं त्यांच्या कपाळाला लावली.