यंदाचे पेले

"परत पेलेच? घरात पेल्यांची रांग लागलीय, पाणी प्यायला माणूस नाही," बटणवाली पुटपुटली. हात मात्र सगळ्यांच्या आधी तिनेच पुढे केला.

शिवणकारखान्याच्या वरच्या खोलीत जेवणाची सुट्टी चालली होती. इस्त्रीवाली खोक्यातून स्टीलचे पेले काढत होती. बायकांच्या आजारपणाचा फंड तिच्याकडे. सगळ्या पगारातून थोडंथोडं घालायच्या, दवाखान्याची वेळ आली की त्यातून मिळायचं. आणि जिने वर्षभर फंडाला हात लावला नाही, तिला नाव कोरलेला पेला. नाव तरी कसलं, कारखान्यात चालायचं तेच: बटणवाली, काजवाली, धागेवाली.

फंडाचा हिशेब बघायला आलेले विमा संस्थेचे साहेब खुशीत होते. "गेल्या वर्षीच्या बैठकीत मी म्हणालो होतो, आणखी एक मोठं आजारपण निघालं तर फंड गुंडाळावा लागेल. पण तुम्ही कमाल केलीत! फंड तगला. छान तब्येती सांभाळल्यात."

टाळ्या पडल्या, ओल्या कपड्यावर थापट्या माराव्यात तशा.

कसल्या तब्येती, इस्त्रीवालीच्या मनात आलं. त्या बैठकीनंतर या खोलीत कुणी आजारी पडायचंच बंद झालं. जे काय व्हायचं ते पित्त. चक्कर आली, पित्त. छातीत कळ आली, पित्त. काजवाली पोट धरून, ओठ दाबून मशीनवर बसायची, तेव्हाही सगळ्यांनी मिळून पित्तच ठरवलं. कुणी आल्याचा तुकडा दिला, कुणी सोडा आणला. इस्त्रीवालीने स्वतः इस्त्रीखाली फडकं तापवून तिचं पोट शेकलं होतं. "बरं वाटतंय गं," काजवाली म्हणाली होती. "उगाच फंडाला कशाला त्रास?"

तेच फडकं आता तिच्या मशीनवर घातलेलं होतं. कुणी काढत नव्हतं. तरी मधूनच त्या मशीनचा खडखडाट ऐकू यायचा, सगळ्या एकदम माना वर करायच्या आणि एकमेकींकडे न बघता परत कामाला लागायच्या.

खोक्यात एकच पेला उरला. पेले कोरायला टाकले तेव्हा ती होती.

साहेबांनी तो उचलून वाचला. "काजवाली. कुठे आहेत या?"

"वारल्या," मागून कुणीतरी म्हणालं.

"अरेरे! काय झालं होतं?"

बटणवालीने आपला पेला पदराने पुसायला घेतला. चकचकीतच होता तो.

"पित्त होतं हो त्यांना," धागेवाली घाईघाईने म्हणाली. ही इस्त्रीवालीची पाठची बहीण. तिच्या एका हातात नवा पेला होता. दुसरा हात बरगडीखाली, हल्ली असायचा तिथेच.

इस्त्रीवालीने तो हात पाहिला. रोज दिसत होताच. तिने साहेबांच्या हातातून काजवालीचा पेला काढून घेतला.

"पित्त नव्हतं, साहेब. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. फंड वाचावा म्हणून आम्ही पित्त म्हणायचो."

मग ती बहिणीकडे वळली.

"आणि तुझंही पित्त नाहीये गं."