हाताचा अंदाज

"डोंगर चढायचा तर सॅक पाठीच्या मापाची हवी, ताई," दुकानातला विक्रेता म्हणाला. "मानेच्या हाडापासून कमरेच्या हाडापर्यंत."

"मग टेप आणा."

"टेप हरवलीय. पण माझ्या हाताचा अंदाज पक्का आहे."

त्याची बोटं तिच्या मानेपासून रेंगाळत खाली निघाली. कमरेशी आल्यावर म्हणे आकडाच विसरला, म्हणून पुन्हा मोजलं. मग सॅक चढवून कमरेचा पट्टा आवळताना, "सगळं वजन इथं आलं पाहिजे, इथं," असं प्रत्येक वेळी हात लावून सांगू लागला. ती शिवणकाम करणारी. रोज बायकांची मापं घ्यायची. माप घेणारा हात कुठला आणि चाचपणारा कुठला, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. अंगावर पाल पडावी तशी शिसारी आली. तिने सॅक काउंटरवर आदळली आणि दाराकडे निघाली.

तेवढ्यात एक पैलवानासारखा धिप्पाड माणूस घामाने निथळत आत आला. त्यालाही सॅकच हवी होती.

"या साहेब, आधी पाठ मोजू!" विक्रेत्याने लगबगीने खिशातून टेप काढली.

ती दारातून मागे वळली.

"अहो दादा, ती टेप हरवलीय," ती अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "हे पाठीवर हात फिरवून मोजतात. माझी दोनदा मोजली."

पैलवानाने टेपकडे पाहिलं, मग तिच्याकडे. शांतपणे शर्ट वर केला आणि आपली चिकचिकीत, केसाळ पाठ विक्रेत्याच्या नाकासमोर धरली.

"मोज," तो म्हणाला. "हातानं."