कॉफीआधी पाणी

इस्तंबूलच्या जुन्या उस्मानी मोहल्ल्यातले चढ चढून दमलेले त्र्यंबकराव एका लाकडी घराच्या पायरीवर टेकले. घरातल्या म्हातारीनं पाहिलं आणि कॉफी आणून दिली, सोबत पाण्याचा पेला. आपल्याकडच्या सवयीनं त्यांनी आधी पाणी संपवलं.

म्हातारी लगबगीनं आत गेली ती गरम भाताचं ताट घेऊनच आली.

"मी कुठं जेवायला मागितलं?" त्र्यंबकराव ओशाळले.

बरोबरच्या लेकीला हसू आलं. "बाबा, पाहुण्यानं कॉफीआधी पाणी घेतलं की तो भुकेला आहे, अशी इथली जुनी समजूत. गैरसमज झाला म्हणून सांगू त्यांना?"

वाफाळत्या भाताकडे ते बघत राहिले.

"नको." त्यांनी ताट जवळ ओढलं. "सकाळपासून भूक लागलीय. तुझी आई होती तोवर हे कधी सांगावं लागलं नाही गं."