बदललेली ओळ

"डोळ्यात औषध घालायची वेळ झाली रे," सासूबाई तिसऱ्यांदा म्हणाल्या. परवाच त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं. "माझी आई आहे, मीच बघेन," असं छातीठोकपणे सांगून नवऱ्याने हे काम अंगावर घेतलं होतं.

"ही लेव्हल झाली की उठतो, आई," तो आतल्या खोलीत कॉम्प्युटरवर गेम खेळता खेळता म्हणाला. सकाळपासून हेच चाललं होतं. सात लेव्हल झाल्या, पण खुर्ची काही सुटली नाही.

सुनेचं डोकं फिरलं. त्या गेममधल्या ठोकळ्यांच्या जगाची स्क्रिप्ट, म्हणजे त्याचे नियम ठरवणारा कोड, तिनेच त्याला हौसेने लिहून दिली होती. लेव्हल वाढली की खेळाडूचा जीव दोनने वाढायचा; मेला की मात्र सगळं पहिल्यापासून. तिने दातओठ खात लॅपटॉप उघडला आणि स्क्रिप्टमधली ती एक ओळ बदलली.

पाचच मिनिटांत नवरा तणतणत बाहेर आला. "लेव्हल चढलो आणि जागच्या जागी मेलो. सहा महिन्यांची मेहनत मातीत गेली. काय लिहून ठेवलंयस त्या स्क्रिप्टमध्ये?"

"तुझंच वाक्य," औषधाची बाटली त्याच्या हातात कोंबत ती म्हणाली. "ही लेव्हल झाली की उठतो."